टाचेतले पाणी

माझ्या डाव्या टाचेला मोहरीएवढे भोक आहे. आंघोळीनंतर मला उभे धरले, की आत शिरलेले पाणी तिथून थेंब थेंब गळते. खाली गोल, ओला डाग पडतो आणि इंडोनेशियातल्या सेमारांग शहराच्या उकाड्यात लगेच वाळतो.

मित्रांनो, मी एक जुनी रबरी बाहुली आहे. परदेशी घरकामाला निघालेल्या बायका आमच्या केंद्रात राहतात. तैवानचा व्हिसा येईपर्यंत त्या माझ्यावर बाळ सांभाळायला शिकतात. मी कारखान्यातून आले, तेव्हा माझे गाल गुलाबी होते. शिकवणाऱ्या तुरियाहबाई, ज्यांना सगळ्या बू म्हणतात, मला 'गुणी पोर' म्हणत. आता रंग उडाला आहे, एक डोळा मिटत नाही. काम संपले, की मला बादलीत उलटी टाकतात.

मुंदियाह आली ती देमाकच्या किनाऱ्यावरून. तिच्या गावात भरतीचे पाणी घरात शिरते आणि हल्ली ओहोटीलाही पुरते निघत नाही. कोरड्या जागी घर बांधायचे, म्हणून ती निघाली होती. मुलगा दोन वर्षांचा आहे, असे तिने सांगितले होते. अंगावर पिणारे मूल असेल, तर आमचे केंद्र त्या बाईचे कागद व्हिसासाठी पाठवत नाही.

मला उचलताना तिचा हात आपोआप माझ्या मानेखाली जायचा. शेजारची कस्मी हसायची, "हिचाही व्हिसा काढ गं, सोबतच ने!"

एकदा परीक्षेत बू म्हणाल्या, "पुसून झालं ना? आता खाली उभी कर आणि कपडे घाल."

मुंदियाहने मला छातीशी धरले. "नको बू. अजून पाय टेकवायचे नाहीत."

"अगं, रबराची आहे ती!" कस्मी म्हणाली. सगळ्या हसल्या. बू हसल्या नाहीत.

आमच्याकडे बाळ थोडे मोठे झाले, की समारंभ करून त्याचे पाय पहिल्यांदा मातीला लावतात. तोवर ते कडेवरच असते. दोन वर्षांच्या मुलाची आई हे केव्हाच विसरलेली असते. शिवाय मुंदियाहचा सदरा छातीशी ओला झाला होता. ते पाणी माझे नव्हते. ते कोमट होते.

बाकीच्या गेल्यावर बूंनी विचारले, "खरा केवढा आहे?"

"आत्ता कुठे बसायला लागलाय. आईपाशी ठेवलाय."

"मीही अशीच गेले होते. परत आले, तर लेक मला मावशी म्हणाली. कागद मागे घेऊ?"

मुंदियाह मला पुसत राहिली. बूंनी कचेरीत काही सांगितले नाही, पण भेटेल तेव्हा तेच विचारले.

मग व्हिसा आला. "आता तरी बोल," बू म्हणाल्या.

मुंदियाहने मला अंगणात नेले. पपईखालची माती कोरडी होती. तिने माझे पाय तिथे टेकवले, आधी उजवा, मग डावा. टाचेतून पाणी गळले.

"आमच्या दारात एवढीसुद्धा जमीन उरली नाही, बू. त्याचे पाय टेकवू कुठे?"

मित्रांनो, मला नवा रंग नको. फक्त कुणाचेही बाळ तुमच्या हाती आले, तर त्याच्या मानेखाली हात द्या. त्याची आई कदाचित दूर कुठे दुसऱ्याच्या बाळाची मान सावरत असेल.

मातीवरचा डाग वाळेपर्यंत मुंदियाह बघत राहिली. मग म्हणाली, "जाते मी."