मायेची पकड

'मायेची पकड' हा शब्द माझा. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, पण आता लपवण्यात अर्थ उरलेला नाही.

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचो. एका दुपारी परांचीवरून तीन मजले खाली आलो आणि कमरेखालचं शरीर माझं म्हणून राहिलं नाही. तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, या आधार केंद्रात आहे. इथे आम्ही बावीस जण. मला लिहितावाचता येतं, तोंड चालतं, त्यामुळे केंद्राच्या मॅडमना मी फार हुशार वाटतो. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात ना, ती गाय मी.

चार वर्षांपूर्वी तपासणीवाले येणार होते. तोवर केंद्राच्या कागदांवर 'दाबून धरणे' असं लिहायचे. कुणी ओरडलं, जेवायला नको म्हणालं, की दाबून धरणे. मॅडम म्हणाल्या, "पेंटर, एखादा बरा शब्द सुचवा ना. ऐकायला कसंतरीच वाटतं." मी चहा संपायच्या आत सुचवला. नुसता सुचवला नाही, जेवणघराच्या भिंतीवर निळ्या रंगात हातभर अक्षरांत रंगवला. खाली चार पायऱ्याही मीच बसवून दिल्या. एक, गोड बोला. दोन, मागून मिठी मारा. तीन, हात पाठीमागे घ्या. चार, सैल सोडा आणि शाबासकी द्या. तपासणीवाल्यांनी फोटो काढले. महिन्याभरात मला विजेवर चालणारी खुर्ची मिळाली. केंद्रात तशी एकच आहे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, पण वाळ्याची मजुरी मी घेतली होती.

माझ्या खोलीत राजे असतात. राजांना वाचा नाही, पायांत बळ नाही, पण डोकं माझ्यापेक्षा तल्लख. त्यांची मोठी बहीण त्यांना लाडानं राजा म्हणते, म्हणून आम्ही सगळे राजे म्हणतो. उजव्या हातानं मांडीवर एकदा थोपटलं की हो, दोनदा थोपटलं की नाही. एवढी सोपी भाषा. पण ती शिकायची म्हणजे थांबून बघावं लागतं, आणि इथे थांबायला कुणाला वेळ असतो?

मंगळवारी सकाळी आंघोळीच्या वेळी जे झालं, ते आधी सांगतो. न्हाणीघराचा गिझर तीन आठवडे बिघडलेला. पाणी उकळतं यायचं. मी तीनदा तक्रार लिहून दिली, आणि केंद्राच्या नोंदवहीत ती तिन्ही वेळा 'पाण्याबाबत नाराजी' म्हणून चढली. त्या दिवशी आंघोळ घालायला पहिलवान होता. पहिलवान म्हणजे इथला मदतनीस, दंड माझ्या मानेएवढे, आणि सकाळी सहा माणसं उरकायची घाई. त्यानं पहिला तांब्या राजांच्या पायावर ओतला. कातडी लालभडक झाली. राजांनी मांडीवर दोनदा थोपटलं, परत दोनदा, परत दोनदा. पहिलवान म्हणाला, "नाटकं नको." दुसरा तांब्या भरला. राजांनी तो हातानं उडवला आणि उकळतं पाणी पहिलवानाच्या छातीवर गेलं.

मग पकड. मागून कवळलं, उजवा हात पाठीमागे नेला आणि वर ओढला. कडकन आवाज झाला, वाळकं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा. राजांच्या तोंडून जे निघालं ते अकरा वर्षांत मी ऐकलं नव्हतं. मान वळवून त्यांनी पहिलवानाचा कान दातांत धरला आणि सोडलाच नाही. रक्त फरशीवरच्या पाण्यात मिसळून मोरीकडे वाहायला लागलं.

मी खुर्ची चालवायचा दांडा पुढे रेटला. न्हाणीघराला दोन इंचांचा उंबरा आहे. जुनी खुर्ची तिथे अडायची, ही धडक मारली की चढते. चढली, आणि मी ती तशीच पहिलवानाच्या नडग्यांवर घातली. राजांच्या दातांतून कान सुटला आणि तो भिंतीला चिकटला. मी मागे घेतली आणि परत घातली. त्यानं एका लाथेत मला खुर्चीसकट आडवं केलं. मग फरशीवर पडल्या पडल्या मी हाताला लागेल ते वापरलं. लोखंडी बादली लागली. ती त्याच्या पायाच्या बोटांवर इतक्यांदा आपटली की तिची कड वाकली. तो माझ्या बरगड्यांत लाथा घालत होता आणि ओरडत होता, "पेंटर, सोड! सोड साल्या!" मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

दुपारी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. समोर घटनेचा अहवाल भरून तयार. त्यांनी वाचून दाखवला. "लाभार्थ्याने स्नानाच्या वेळी आक्रमक वर्तन केले. कर्मचाऱ्याने मायेची पकड वापरली. लाभार्थ्याच्या हाताला इजा झाली. लाभार्थ्यास बंद विभागात हलवण्याची शिफारस."

"उकळतं पाणी कुठाय यात?" मी विचारलं.

"तो वेगळा विषय आहे. देखभाल खात्याचा."

"आणि पहिलवान?"

"कर्मचारी लिहिलंय की. तुम्ही फक्त साक्षीदार म्हणून सही करा. तुमच्यातल्याच माणसाची सही असली की लोकांचा विश्वास बसतो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्हीसुद्धा कर्मचाऱ्याच्या अंगावर खुर्ची घातलीत, पेंटर. तेही आक्रमक वर्तनच. बंद विभागात सध्या दोन खाटा रिकाम्या आहेत."

बंद विभाग मी पाहिलाय. तिथल्या दारावर 'विश्रांती कक्ष' अशी पाटी रंगवायला मलाच नेलं होतं. मी 'वि' काढत असताना आत एक बाई स्वतःचं मनगट चावत होती. दुसरं मनगट खाटेला बांधलेलं. घरच्यांची भेट दोन महिन्यांतून एकदा, काचेपलीकडून. राजांचे हात बांधले म्हणजे त्यांची जीभच कापल्यासारखं. उजवा मोडलाच होता. आता डाव्यावर होतं सगळं.

मी सही केली नाही. शूर म्हणून नव्हे. बरगड्या इतक्या ठणकत होत्या की मला कुणाचंच चांगलं करायची इच्छा नव्हती, मॅडमचं तर नाहीच.

तीनला राजांची बहीण आली. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. मोठ्या लाँड्रीत इस्त्रीवर काम करते, दोन्ही हातांवर चटक्यांचे डाग. मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तोच अहवाल वाचून दाखवला. खाली पालकाची संमती म्हणून तिची सही हवी होती.

"माझा राजा आक्रमक?" ताई म्हणाली. "त्याला माशी मारवत नाही."

मी दारातूनच बोललो, "पहिलवानानं मोडला हात, ताई. पाणी उकळतं होतं. राजे नाही म्हणत होते."

मॅडम हसल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. "पेंटर, तुम्ही बोलताय? मायेची पकड कुणी शोधली? भिंतीवर कुणी रंगवली? ही खुर्ची कशाबद्दल मिळाली, सांगू का ताईंना?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

"खरं. शब्द माझा, पायऱ्याही माझ्याच."

मला वाटलं ती आता थुंकेल. ती नुसती उठली. "शब्दाचं नंतर बघू. चला माझ्याबरोबर. तुम्हीपण या, मॅडम."

आजाऱ्यांची खोली वरच्या मजल्यावर; मॅडम आणि मी लिफ्टनं गेलो, ताई जिन्यानं आली. राजे खाटेवर होते. उजव्या हाताला खांद्यापर्यंत कच्चं प्लास्टर, ओठ सुजलेला, पायावर टरारून आलेले फोड. ताईनं त्यांचा डावा हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि समोर बसली.

"राजा, हात पहिलवानानं मोडला?"

डावा हात बावचळल्यासारखा उठला आणि एकदा पडला.

"पाणी भाजत होतं? तू नको म्हणालास?"

एकदा. पुन्हा एकदा.

सकाळपासून सात माणसं त्या खाटेपाशी येऊन गेली होती. डॉक्टर, मॅडम, सुपरवायझर, सगळे. राजांना विचारलं होतं ते पहिल्यांदा ताईनं.

"हे पेंटरदादा तिथे होते?"

एकदा.

"यांनी थांबवलं त्याला?"

मी छाती फुगवूनच बसलो होतो. बरगड्यांवरचे वळ दाखवायची तयारी होती. राजांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग हात उचलला आणि दोनदा थोपटलं.

"अहो, मी खुर्ची घातली त्याच्यावर!" मी ओरडलो. "राजे, तुम्ही बघितलंत! बादलीनं बोटं ठेचली मी त्याची!"

"हाड मोडायच्या आधी की नंतर?" ताईनं विचारलं.

आता ते सांगतो जे वर गाळलं. मॅडम जशी पाण्याची गोष्ट गाळतात, तसं मी हे गाळलं. पहिलवानानं मिठी मारली तेव्हा मी उंबऱ्यापाशीच होतो. खुर्ची चालू होती, दांड्यावर हात होता. राजे माझ्याकडे बघून मांडी बडवत होते, दोनदा, दोनदा. आणि मी मोजत होतो. गोड बोला झालं, मिठी झाली, आता हात पाठीमागे, आता सोडेल. चौथ्या पायरीला सोडतात. मीच लिहिलं होतं ना तसं. तिसरीवर पहिलवान थांबला, जोर लावला, आणि तरी मी चौथीची वाट बघत बसलो. हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा दांडा रेटला. खुर्ची दोन सेकंदांत उंबरा चढली. ती आधीही चढली असती.

"नंतर," मी म्हणालो.

ताईनं माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की डोळ्यांपुढे अंधारी आली. इस्त्रीवर चाललेला हात तो. दाताखाली ओठ सापडला आणि तोंडात रक्ताची चव आली.

"ताई! अपंग माणसावर हात उचलता?" मॅडम किंचाळल्या.

"माणूस आहे म्हणून उचलला," ताई म्हणाली. "तुमच्यावर उचलत नाहीये, कारण तुमच्यासाठी पोलीस बोलावलेत. जिन्यातूनच फोन केला मी. माझा भाऊ कुठल्याही बंद विभागात जाणार नाही."

मॅडम ऑफिसकडे पळाल्या. मी गालाला हात लावला नाही. या केंद्रात मला उचललंय, पाडलंय, धुतलंय, लाथा घातल्यात, पण माझ्या हातून काही चुकलं म्हणून अकरा वर्षांत कुणी मारलं नव्हतं. लाज वाटली. रडू आलं, तेही थांबवलं नाही.

ताईनं पर्समधली वही काढून पान फाडलं आणि पेन माझ्या मांडीवर टाकलं. "लिहा. अक्षर छान आहे ना तुमचं?"

मी लिहिलं. उकळतं पाणी लिहिलं, तीन तक्रारी लिहिल्या, पहिलवानाचं पूर्ण नाव लिहिलं, मॅडमचं लिहिलं. मग पेन जरा थांबलं. शेवटी लिहिलं, 'मी दारात होतो. मला थांबवता येत होतं. मी पायऱ्या मोजत बसलो. राजांचा हात तिसऱ्या पायरीला मोडला.' खाली माझं पूर्ण नाव, जे इथे कुणाला माहीतही नाही.

ताईनं ते पान राजांना वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून, सावकाश. मग विचारलं, "बरोबर आहे, राजा?"

राजांनी एकदा थोपटलं.