करवंटीचा निखारा

आर्जवाच्या दिवशी तारामतीच्या मनात मेथी होती.

बस्तीत, म्हणजे जैन देवळात, पंडितजी सांगत होते, पर्वाच्या दहा दिवसांतला हा तिसरा दिवस आर्जवाचा, म्हणजे सरळपणाचा. मनात एक आणि ओठांत दुसरंच असं माणसानं करू नये. देवळात दाटीवाटीनं बसलेल्या बायका माना डोलवत होत्या. तारामतीही डोलवत होती, पण तिचं अर्धं चित्त घरी परसदारी होतं. पहिल्या दिवशी सकाळी तिनं मूठभर मेथी भिजवली होती आणि पाणी काढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. मग उपास, पूजा आणि स्वयंपाकाच्या गडबडीत ती तशीच राहिली. आता घरी जायचं, ती वाटायची, ताज्या दह्यात कालवायची आणि दिवस मावळायच्या आत ब्राह्मीच्या केसांना लावून धुवायची. बसल्या जागी तिनं तीनदा मांडी बदलली.

"बसवत न्हाय व्हय गं?" शेजारी बसलेली म्हातारी कुजबुजली. "एकदाच खाऊन झेपत न्हाय तुला."

"झेपतंय की," तारामती म्हणाली आणि चौथ्यांदा मांडी बदलली.

ब्राह्मी तिच्या दिराची, आण्णासाहेबांची लेक. तिची आई बाळंतपणातच गेली आणि विधवा तारामतीनं पोर पदरात घेतली ती सतरा वर्षं झाली तरी खाली ठेवली नव्हती. पोरीचे केस पोटरीपर्यंत. निपाणीत तिच्या नावाआधी लोकांना तिची वेणी आठवायची. चैत्रात तवंदीच्या यात्रेत बेडकिहाळच्या जयाबाईनं ती वेणी पाठीमागून पाहिली आणि दोन महिन्यांत सोयरीक विचारायला माणूस धाडला. जयाबाईचा मुलगा पद्मराज बेळगावात शिकून आला होता. त्या यात्रेत त्यानंही पाहिलं होतं, आणि ब्राह्मीनंही. ब्राह्मी त्याबद्दल काही बोलली नव्हती. पण तेव्हापासून ती पाणी भरताना गुणगुणायची, आणि बेडकिहाळकडून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा भोंगा वाजला की तिची घागर हमखास सांडायची.

बघायला येण्याचा दिवस ठरला तो पर्व संपल्यावरचा, क्षमावणीचा. त्या दिवशी सगळे एकमेकांकडं जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. पाहुणे येणारच, तर मुलगीही बघून होईल.

आणि पर्वाच्या आदल्या दिवशी ते घडलं.

त्या दिवशी घराघरांतल्या बायका न्हातात. भादव्याचं आभाळ आठ दिवस दाटलेलं, ऊन नाही. एवढे केस वाळायचे कसे? नेहमीसारखा तारामतीनं घमेल्यात विस्तव केला, त्यावर बांबूची दुरडी पालथी घातली, धुपाची चिमूट टाकली आणि ब्राह्मीला चटईवर उताणी निजवून तिचे केस दुरडीवर पसरले. फक्त एकच गोष्ट नेहमीसारखी नव्हती. शेणकुटं ओली होती म्हणून तिनं करवंट्या पेटवल्या होत्या. शेणकुटाचा विस्तव म्हाताऱ्या माणसासारखा, बसला की बसला. करवंटीचं तसं नसतं. तिच्यात तेल असतं, मधेच भडकते.

"हलू नकोस," तारामती म्हणाली होती. "ताट वाढून आलेच."

दिवस मावळायच्या आत आण्णासाहेबांचं जेवण उरकायला हवं होतं. अंधार पडल्यावर त्या घरात घास गिळत नसत. आण्णासाहेबांनी पुन्हा आमटी मागितली, मग भात मागितला, मग चिकोडीच्या कुणाची तरी गोष्ट काढली. तारामती वाटी धरून उभी राहिली. वास आला तेव्हा तिला आधी वाटलं, आमटी लागली.

डावीकडचे केस कानापासून हातभर खाली तडतडून गेले होते. काही गळून पडले, काही राहिले, पण राहिले ते सुक्या गवतासारखे. हात लावला की मोडायचे. आण्णासाहेब धावत आले, ओरडले, "काय झालं?"

"डुलकी लागली हिला," तारामतीच्या तोंडून निघून गेलं. "मान सरकली."

ब्राह्मीनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. आण्णासाहेब लेकीला बोलले ते बोलले. तारामती गळलेले केस गोळा करत राहिली.

म्हणून ही मेथी.

बस्तीतून ती जवळजवळ पळतच घरी आली. फडकं सोडलं आणि मटकन खाली बसली. मेथीला मोड आले होते. इवले पांढरे, दाण्यादाण्याला एक. पर्वात मोड आलेलं धान्य ती वाटणार कशी? एका दाण्यात किती जीव जागा झाला असेल, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. ती ते फडकं मांडीवर घेऊन बसली. टाकवेना, वाटवेना. शेवटी तिनं परसातल्या ओल्या मातीत सगळी मेथी पसरली आणि वर माती लोटली.

"काकी, काय पेरतीयास?" ब्राह्मीनं दारातून विचारलं.

"तुझं नशीब," तारामती वैतागून म्हणाली. मग स्वतःलाच हसू आलं, आणि लगेच डोळे भरले.

एरवी तिनं जास्वंदीची पानं ओरबाडली असती, कोरफड चिरली असती. पण दहा दिवस हिरवं तोडायचं नाही, हा तिचा नेम. उरलं ते कोरडं, डब्यातलं. तिनं मूगडाळीच्या पिठानं केस धुऊन पाहिले, कारण शिकेकाईनं ते आणखी ताठ होत. तांदळाची गार पेज लावली. सुक्या माक्याची पूड खोबरेल तेलात कोमट करून दुपारभर मुरवली. ते तेल तापवताना विस्तवाकडं पाठ करून बसली. ओले केस आता ती उपरण्यात नुसते दाबून टिपायची, झटकायची नाही. केस तेवढ्यापुरते मऊ वाटायचे. तेल उतरलं की पुन्हा गवत.

सहाव्या दिवशी तिनं शेजारच्या मनुबाईला गाठलं. मनुबाई मराठ्यांची, तोंडानं फटकळ, हातानं उदार. तिनं केस चिमटीत धरून पाहिले.

"अंडं लाव," ती म्हणाली. "अंडं आन् मध. माझ्या नंदेचं शेतात पाचट पेटलं तवा भाजलं होतं. महिन्यात झुळझुळीत."

"मनुबाई!"

"खायला सांगतेय व्हय मी? डोक्याला लावायचं. तुझा देव काय केस हुंगतोय का?"

तारामती घरी परतली. अर्ध्या वाटेतून माघारी आली. पुन्हा घरी गेली. माठातलं पाणी गाळलेलंच होतं, ते पुन्हा गाळलं. दुपारी उन्हाची तिरीप पडली तशी मनुबाईच्या परड्यात जाऊन उभी राहिली. मनुबाईनं काही न बोलता तिच्या तळहातावर अंडं ठेवलं. जन्मात पहिल्यांदाच तिनं अंडं हातात घेतलं होतं. वाटलं होतं त्यापेक्षा ते जड होतं, आणि त्याला इवलेसे खळगे होते, माणसाच्या कातडीसारखे. पायांत मनुबाईची तांबडी कोंबडी कुरकुरत फिरत होती.

"घे," तारामती एकदम म्हणाली. "हिच्याखाली ठेव परत."

"परत ठेवून काय उबवायचं? चार दिवसांचं शिळं हाय ते!"

"तरी ठेव."

मनुबाई कमरेवर हात ठेवून हसत सुटली. हसता हसताच म्हणाली, "तारे, एक सांगू? जळालेला केस मेलेला असतोय. मी नंदेचं सांगितलं ते अर्धं सांगितलं. अंडं लावलं, पर कापलं बी. कापल्याबिगर काय न्हाय."

"क्षमावणीला बघायला येणार हैत."

"मग गंगावन लाव."

तेच झालं. पर्व चतुर्दशीला संपलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राह्मीच्या डाव्या बाजूच्या केसांत तारामतीनं बाजारातून आणलेलं गंगावन गुंफलं. वेणी पुन्हा पोटरीला लागली. आरशात बघून ब्राह्मी म्हणाली, "काकी, हे कुणाचे केस असतील गं?"

"गप बस. हलू नकोस," तारामती म्हणाली, आणि तो शब्द ऐकून तिचा हात वेणीवरच थबकला.

दुपारी जयाबाई आली. उंच, सावळी, पोक्त बाई. कमरेला पिशवी आणि पिशवीत लाकडी फणी. त्यांच्या लोकांत वेणी मुलीच्या घरची बाई सोडते आणि फणी मुलाची आई फिरवते. तारामतीला हे ठाऊक होतं. गंगावन गुंफताना तिनं पक्कं केलं होतं की वेणी अर्धीच सोडायची, वरची तेलाची चकाकी तेवढी दाखवायची, बोलण्यात गुंतवायचं. ओसरीवर आण्णासाहेबांशी बोलत पद्मराज बसला होता. माजघरात नुसत्या बायका.

आधी क्षमा. जयाबाईनं हात जोडले. "वर्षभरात जाणता-अजाणता काय चुकलं असंल तर क्षमा करा." सकाळपासून हे वाक्य घरात चाळीसदा तरी झालं होतं. हसत हसत म्हणायचं, हसत हसत झेलायचं.

तारामतीनं हात जोडले. "जाणता..." एवढं म्हणून ती ब्राह्मीच्या वेणीकडं वळली.

जयाबाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं. मग फणी काढली. "सोडा वेणी."

तारामती ब्राह्मीच्या मागं बसली. बोटांनी पेड सुटत गेले आणि अर्ध्यावर आल्यावर थांबायचं ते ती थांबली. जयाबाई पुढं वाकली, डावीकडची बट तिनं उचलली. तिच्या बोटांत एक केस कट्‌कन मोडला.

"हे काय?"

"माझी चूक," ब्राह्मी चटकन म्हणाली. "धुरीवर केस वाळवताना मला डुलकी लागली. काकीचा काय दोष न्हाय."

तारामतीनं अर्धी सुटलेली वेणी हातातून सोडली.

"न्हाय," ती म्हणाली. "तिला डुलकी लागली न्हवती. मी करवंट्या घातल्या, हलू नको म्हणाले आन् उठून गेले. मग तिच्यावर ढकललं. आन् हे," तिनं सर्रकन गंगावन ओढून काढलं, "हे आज सकाळी. तुम्ही अजाणता म्हणालासा, जयाबाई. माझं सगळं जाणूनबुजून हाय."

जयाबाईनं गंगावन हातात घेतलं, पुढं-मागं करून पाहिलं आणि चटईवर ठेवलं.

"शेणकूट न्हवतं?" तिनं विचारलं.

"ओलं होतं."

"करवंटी कुणी घालतं व्हय गं केसाखाली!" ती खरोखरच चिडली होती. मग ब्राह्मीकडं वळली. "आन् तू? माझ्यापुढं खोटं बोलतीस?"

ब्राह्मी म्हणाली, "व्हय."

जयाबाईच्या ओठांचा कोपरा किंचित हलला, की तारामतीला नुसता भास झाला, कोण जाणे. फणी मात्र तिनं केसांना न लावताच पिशवीत टाकली. दिवस मावळायच्या आधी ती जेवली, दोन घास कमीच जेवली. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "घरात मी खरं तेच सांगणार. लोक काय म्हणतील ते म्हणतील. तेवढे कापून सारखे करा. जळालेलं ठेवू नये, वर वर चिरत जातंय. दिवाळीनंतर मी परत येईन." जरा थांबून म्हणाली, "बघायलाच येईन. होकार म्हणून धरू नका."

मोटारीचा भोंगा वाजला. ब्राह्मीच्या हातात घागर नव्हती म्हणून काही सांडलं नाही.

आण्णासाहेब ओसरीवरच बसून राहिले. माजघरातलं सगळं त्यांनी ऐकलं होतं. तारामतीला वाटलं, दोन शब्द बोलले असते तर बरं.

परसदारी अजून उजेड होता. तारामतीनं कात्री आणली, चटई पसरली आणि ब्राह्मीला समोर बसवलं. कात्री उघडली आणि पुन्हा मिटली.

"सकाळपासून सगळ्या गावाची क्षमा मागितली," ती म्हणाली. "तुझी राहिली."

"मला ठाऊक होतं, काकी."

"काय?"

"विस्तव भडकलाय ते. मी जागीच होते. ऊन ऊन लागायला लागलं तवा हाक पण मारली. आत आण्णांची गोष्ट रंगली होती." ब्राह्मीची पाठ तारामतीकडं होती, तिचं तोंड दिसत नव्हतं. "तू हलू नको म्हणाली होतीस."

तारामतीनं कात्री खाली ठेवली. मागूनच तिनं पोरीच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि हात जोडले. हात जोडलेले ब्राह्मीला दिसत नव्हते, पण पाठीला कळत होते.

थोड्या वेळानं ब्राह्मी म्हणाली, "उजेड जाईल. काप आता."

"हलू..." तारामती म्हणायला गेली आणि थांबली. "लागलं तर हल. ओरड. घर डोक्यावर घे."

"बरं," ब्राह्मी म्हणाली, आणि कात्रीच्या पहिल्याच आवाजाला जोरात ओरडली. तारामती दचकून उडाली. मनुबाई कुंपणावरून डोकावली. "काय कापलं गं? कान?"

ब्राह्मी हसत होती. खांद्यांवरून जळके केस खाली गळत होते, आणि पायाशी, पुरलेल्या मेथीचे बारीक हिरवे कोंब मातीतून वर आले होते. तारामतीनं पाय जपून बाजूला घेतला आणि दुसरी बट धरली.