कोटंबी घाटातला ब्लोअर

कोटंबी घाटात दाट धुकं, आणि ऐन वेळी आमच्या गाडीचा, काचेवर गरम हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला. खिडक्या लावल्या की समोरच्या काचेवर आतून वाफ धरायची आणि मला रस्ता दिसायचा नाही. उघडल्या की गार वारा थेट मागच्या सीटवर, बाळाच्या अंगावर. बाळ माझ्या धाकट्या बहिणीचं, मनालीचं. दिवस भरायच्या आधीच झालेली मुलगी. पेठच्या डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, "दूध ओढत नाहीये. अ‍ॅम्ब्युलन्स बाहेर गेलीय, वाट बघू नका. छातीशी धरून नाशिकला न्या, पण गारठा लागू देऊ नका."

माझा नवरा सोमनाथ शेजारी बसून फडक्याने काच पुसत होता. त्याचा हात बाजूला होईपर्यंत ती पुन्हा पांढरी. एक ट्रक हॉर्न ठोकत अगदी जवळून गेला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं.

"ताई, थांबू नको गं," मनाली रडवेली झाली. "हिचे तळपाय बघ, बर्फ झालेत."

"दरीत जाऊन पडण्यापेक्षा थांबलेलं बरं!" मी खेकसले. खरं तर मी घाबरले होते.

फ्यूज काढून बघितला, शाबूत. बटण एकपासून चारपर्यंत फिरवलं, हूं नाही की चूं नाही. सोमनाथने खाली वाकून डॅशबोर्डच्या कप्प्याखालच्या ब्लोअरच्या मोटरवर बुक्की मारली. ती जरा कण्हली आणि थांबली.

"अहो, करंट येतोय," मी म्हटलं. "आत काहीतरी अडकलंय. खोला."

"इथे?"

"नाही, घरी जाऊन चहा पिऊन खोला!"

तीन स्क्रू. दोन निघाले, तिसरा गंजलेला. सोमनाथची बोटं सोलवटली. मागे मनाली स्वेटरच्या आत हाताने बाळाची पाठ चोळत होती, नाव नसलेल्या पोरीला "माझी राणी, माझी राणी" म्हणत होती. पोरगी मात्र गप्प. त्या गप्प राहण्याचीच मला धास्ती वाटत होती.

स्क्रू सुटला. मोटर खाली आली आणि तिच्याबरोबर पायपुसण्यावर पडला वाळका झेंडू, हळद लागलेले तांदूळ आणि सीटचा कुरतडलेला स्पंज. दसऱ्याला गाडी पुजताना सोमनाथने बॉनेटवर मूठमूठ अक्षता वाहिल्या होत्या. वायपरखालच्या जाळीतून त्या आत गेल्या. पुजलेल्या गाडीवरचं आपण झाडायचं नाही, म्हणून त्याने ती महिनाभर धुतलीही नाही. उंदराला घरबसल्या दाणापाणी मिळालं, मग त्याने बिऱ्हाडच थाटलं.

सोमनाथचा चेहरा उतरला. एरवी मी त्याला सोलून काढलं असतं. आता फक्त म्हटलं, "पंखा साफ करा. लवकर."

त्याने फुंकून, बोटांनी उकरून पंखा मोकळा केला आणि मोटर दोनच स्क्रूंवर बसवली. मी बटण फिरवलं. आधी जळका वास, मग धूळ, मग ऊब. काच खालून वर उजळत गेली आणि मी गाडी काढली.

घाट संपला तरी मागून काहीच आवाज नव्हता. विचारायची माझी हिंमत होत नव्हती.

"ताई," मनाली अगदी हळू म्हणाली, जणू मोठ्याने बोललं तर बिनसेल. "ओढतेय गं. दूध ओढतेय."

काच लख्ख होती, तरी मला समोरचं धड दिसेना.

"मी चालवू का?" सोमनाथने विचारलं.

मी डोळे पुसले, पण स्टिअरिंग सोडलं नाही.