खुंदलेला निशाणा

"बाण मारून राहिली का काड्या मोडून राहिली तू?"

अब्दुल रहीम पिंजाऱ्याने नातीच्या हातातला मोडका बाण हिसकला आणि अंगणातल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर भिरकावला. त्या आठवड्यातला तो तिसरा होता.

"माह्या नेमाची चूक नाही, दादा," फलक म्हणाली. "टारगेटच मधातून फाटलं. बाण आरपार जाते अन् भिंतीवर आदळते."

"तं भिंत हटवा म्हन तुह्या सरले."

म्हातारा असाच होता. घरात उर्दू, चौकात वऱ्हाडी, आणि राग आला की दोन्हींची खिचडी. फोमच्या गाद्यांना तो हवेचा व्यापार म्हणायचा. त्या गाद्यांवर झोपणाऱ्यांना बिनअकलेचे म्हणायचा, आणि पाठ दुखली की कापसाची गादी मागायला हेच लोक त्याच्या दारात येत, तेव्हा तर त्यांना काहीच म्हणायचा नाही, नुसतं खालून वर बघायचा. शाळेबद्दल त्याचं मत त्याहून वाईट होतं.

आणि ते खोटंही नव्हतं. हिवरखेडच्या त्या शाळेत तिरंदाजी आली ती कुठल्याशा पाहुण्याच्या भाषणातून. पाहुणा गेला, भाषण विरलं, मागे चार धनुष्यं आणि एक निशाणा उरला. पोरं दोन महिन्यांत कंटाळली. अकरावीतली फलक तेवढी टिकली. तीन आठवड्यांनी अमरावतीला निवडचाचणी होती, तिचं नाव गेलं होतं, आणि बाण उरले होते आठ. संस्थेचे सचिव भगवंतराव यांनी बजावलं होतं, की हे आठ मोडले की खूळ बंद. नवा निशाणा मागितला तर म्हणाले, संस्थेजवळ पैसा नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या वाढदिवसाची कमान शाळेच्या दारावर लागली होती. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय.

"निशाना म्हंजे काय, गादीच तं हाय उभी केलेली," रहीमचाचाने निकाल दिला. "सांग तुह्या सरले, पिंजारी जित्ता हाय अजून."

पिंजायचं मशीन झाकून ठेवून त्याने खुंटीवरची आपल्या आजोबांची पिंजायची कमान काढली. तात ताणली, ठोकळ्याने झंकारली, आणि दोन दिवस कापूस पिंजला. असा पिंजला की फुंकर मारली तर उडावा. वर मांजरपाट, टाके एका रेषेत. निशाणा असा देखणा झाला की तिरंदाजी शिकवणाऱ्या गोवर्धन सरांनी बाण सुटायच्या आधीच टाळ्या वाजवल्या. भगवंतरावही बघायला आले, कारण बघायला पैसे पडत नव्हते.

फलकने दोरी ओढली, सोडली. बाण निशाण्यात शिरला आणि दिसेनासा झाला. पलीकडे भिंतीवर खट्‌ वाजलं. उरले सात.

"लय झाक झालं, चाचा!" भगवंतराव पोट धरून हसले. "आता याच्यावर एक उशी ठेवा. दुपारी मी लोळतो."

चार लोक हसले. सचिव हसले की हसायचं असतं. रहीमचाचाने गादी डोक्यावर घेतली आणि निघाला. पोळा तोंडावर आला होता तरी पाऊस नव्हता, काळ्या जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्या भेगांकडे बघत तो घरी आला, कारण माणसांकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

शेजारची पार्बताबाई ओट्यावर किडकी वांगी निवडत बसली होती. पावसावाचून भाजी जळाली, बैल मागच्या साली विकले, पण जीभ तिची शाबूत होती.

"बह्याडच आहा तुमी, रहीमभाई," ती म्हणाली. "मोकळ्या कापसानं कधी बाण अडते काय? जनमभर तुमी कापसाची गाठ सोडवली. इथं गाठ बांधा लागते. आमी गाडीत कापूस भरतो तवा कसा खुंदतो, पायला नाही काय? वरून पाय मारला तं अंगठाबी रुतत नाही."

चाचाला हे झोंबलं. पायांनी खुंदून, दगड करून आणलेल्या कापसावरून त्याने आयुष्यभर शेतकऱ्यांना शिव्या घातल्या होत्या. 'कापूस आनला का गोवऱ्या?' हे त्याचं ठरलेलं वाक्य. आता तेच आपण करायचं म्हणजे थुंकलेलं चाटणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलकने सातही बाण त्याच्यापुढे ठेवले. "नाव काढून घेते मी, दादा. सात बानांत काय होते?"

म्हाताऱ्याने बाण परत तिच्या हातात कोंबले. तो ओरडला, "नाव काढाले लागली मोठी! जाय, पार्बताबाईले बोलाव. अन् म्हन, गाडी लागते तुही."

खुंदायला लागेल तेवढा कापूस परवडणारा नव्हता, म्हणून मग गावभरची फाटकी लुगडी, धोतरं, बनियनी, खताची रिकामी पोती गोळा झाली. चाचाने एकेक कापड चाचपून हुक, बटन, चेन कापून काढल्या. "एक हुक राह्यला तं बानाची साल निघते." बैलांवाचून अंगण अडवून बसलेल्या गाडीत पोतं उभं केलं, घड्या घातल्या, आणि तिघं खुंदायला लागली. पार्बताबाई प्रत्येक पायाला एकेकाचं नाव घेत होती. आधी व्यापारी, मग बियाणंवाला, मग पंचनाम्याला येऊन चहा पिऊन गेलेला साहेब. भगवंतरावांच्या नावाला तिने दोन्ही पाय वापरले. चाचाने वरून दाभण-सुतळीने तोंड असं आवळलं की हाताला फोड आले.

या वेळी बाण रुतला. असा रुतला की निघेना. फलकने निशाण्याला पाय लावून, दोन्ही हातांनी तो उपसला. पुढच्या बाणांना तिने साबण चोळला. निवडीपर्यंत ती रोज शंभर बाण मारायची आणि शंभर उपसायची. एक मोडला नाही. तेच सात बाण घेऊन ती अमरावतीला गेली आणि निवडली गेली.

मग काय विचारता! आयत्या बिळावर नागोबा. सत्कार शाळेचा, हार भगवंतरावांना, आणि संस्थेजवळ एकाएकी पैसा निघाला. शहरातून फोमचा नवाकोरा निशाणा आला. फलक आठ दिवस वाट बघत राहिली, निशाणा काही मैदानावर येईना. शेवटी रहीमचाचा स्वतः शाळेत गेला. निशाणा सचिवांच्या खुर्चीमागे उभा होता, प्लॅस्टिकसकट.

"साहेब, हे मैदानात कधी येनार? पोरीचा सराव हाय."

"येड लागलं काय, चाचा?" भगवंतराव म्हणाले. "बान मारले तं भोकं पडतीन ना! पाहुने आले तं काय दाखवू?"

चाचाने त्यांना खालून वर बघितलं. पण या वेळी त्याच्याने गप्प राहवलं नाही.

"बरोबर हाय, साहेब. नुसतं ठेवू नोका मंग. हारबी घाला त्याले."

भगवंतरावांनी मान डोलावली. चाचा घरी आला, पार्बताबाईला हाक मारली, आणि जुन्या निशाण्यात आणखी फाटकी लुगडी भरायला दोघं पुन्हा गाडीत चढले.

दसऱ्याला शाळेत शस्त्रपूजा झाली. भगवंतरावांनी फोमच्या निशाण्याला कुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. पेपरात फोटोही आला.