उन्हातला कौल, पावसातला कौल

त्या उन्हाळ्यात ओडेट लूसिए दर शुक्रवारी वर तरी जायची नाहीतर खाली तरी यायची, आणि तिला स्वतःला त्यातलं काही जाणवायचं नाही. ती आपली कुणाच्या तरी गोठ्यात, गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून उभी असायची. वर-खाली व्हायची ती वर्तमानपत्रात.

ओडेट आमच्याकडची ढोरांची डॉक्टर. व्हरमाँटच्या उत्तर टोकाला, जिथं रस्ता संपला की कॅनडा लागतो, तिथल्या आमच्या जिल्ह्यातून ती राज्याच्या सिनेटसाठी उभी होती. निवडणूक तशी नोव्हेंबरातली. पण इथं आमच्याच पक्षाचा माणूस येणार हे मांजरालाही ठाऊक असतं, म्हणून खरी मारामारी ऑगस्टमध्ये, पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायच्या मतदानात. समोर होते कॅल्विन स्टोडार्ड, तळ्याकाठचे वकील, पक्ष तोच, दात जास्त पांढरे. मी ग्लेनिस, ओडेटची शाळेपासूनची मैत्रीण. निवडणुकीतलं मला काही कळत नाही, हे तिला माहीत होतं. म्हणूनच बहुतेक तिनं सगळंच माझ्यावर सोपवलं होतं.

आमच्या कॉलेजात फेल्डर नावाच्या प्राध्यापकबाई आहेत. त्यांचे विद्यार्थी आठवडाभर घरोघरी फोन करून विचारत, आज मतदान असतं तर कुणाला दिलं असतं? शुक्रवारी तो कल पेपरात यायचा. मी तो कापून ओडेटच्या फ्रिजवर लावायची आणि येताजाता बघायची. एका आठवड्यात लोकांना एवढं काय होतं? ओडेट तर तीच, स्टोडार्ड तेच, त्यांच्या पाट्यांवरचे फोटोही तेच. मग मनं हलवतंय कोण? मला झोपेपेक्षा ते जास्त आवडायला लागलं होतं.

मग चर्चच्या हॉलमध्ये दोन्ही उमेदवारांची जाहीर चर्चा झाली. सरकार लहान गावांतल्या शाळा बंद करून एका मोठ्या शाळेत मिळवायच्या विचारात होतं, त्यावर दोघांना प्रश्न आला. स्टोडार्ड बराच वेळ काहीच न म्हणता बोलले. ओडेटनं ठरवून ठेवलेलं उत्तर सोडलं आणि म्हणाली, "मी सिनेटमध्ये असेपर्यंत एकाही गावची शाळा बंद करायला हात वर करणार नाही. पैसे कमी पडले तर तळ्याकाठी बंगले असणाऱ्यांनी थोडा कर जास्त भरावा."

मागे कुणाची तरी खुर्ची करकरली, तेवढंच.

त्या शुक्रवारी ती घसरली. आधी चार टक्क्यांनी पुढे होती, ती तीन टक्क्यांनी मागे गेली.

डॅरल लगेच हजर. राजधानीतून पक्षातल्या कुणीतरी तिच्यासाठी हा सल्लागार पाठवला होता. मुलगा वाईट नव्हता, पण आमच्या चिखलात सुद्धा कातडी बूट घालून यायचा. "लोकांनी उत्तर दिलंय, डॉक्टर," तो म्हणाला. "सोमवारी रेडिओवर मुलाखत आहे. तिथं म्हणा, माझ्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता. पुन्हा विचार करू. संपलं."

"अर्थ तसाच होता रे," ओडेट म्हणाली.

"मग हराल."

मला वाटलं ती त्याला हाकलेल. पण ती हात पुसत राहिली. "ग्लेनिस, गाय नको म्हणाली की मी थांबते. जबरदस्ती करत नाही. लोक नको म्हणत असतील, तर मी माझ्या शाळेच्या आठवणी त्यांच्या गळ्यात का बांधू?" त्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसलेलो. मी उगाच कॉफी केली. ती पण पातळ झाली.

शनिवारी दुपारी मी हॉलिस बुशेच्या शेतावर गेले. म्हातारा सत्तरीचा, माझी पन्नाशी उलटली तरी त्याच्या लेखी मी पोरगीच. रस्त्याकडेला ओडेटची पाटी लावू देतो का, विचारायचं होतं. आठवडाभर लख्ख ऊन होतं. खालच्या रानात ट्रॅक्टर घरघरत होता, सगळं घर गवतावर गेलेलं, आणि उघड्या स्वयंपाकघरात फोन वाजत होता. वाजतोय, वाजतोय. एखादं जनावर अडलं असेल, ओडेटलाच शोधत असतील, असं वाटून मी आत जाऊन उचलला.

"नमस्कार, मी कॉलेजतर्फे बोलतेय, येत्या मतदानाबद्दल तीन मिनिटं..."

"अगं, इथं कुणी नाही," मी म्हटलं. "सगळे गवत वाळवतायत."

"तुम्ही मतदार आहात ना? मग तुम्हीच सांगा ना, प्लीज." पोरगी रडकुंडीला आली होती. "सकाळपासून इकडचं कुणी उचलतच नाहीये."

सांगायला काय जात होतं? एक मत ओडेटच्या खात्यात पडलं असतं. पण घर दुसऱ्याचं, फोन दुसऱ्याचा, आणि वर मी उमेदवाराचा उजवा हात. "मी या घरातली नाही गं," म्हटलं. "पण मला एक सांग. कुणी उचललं नाही तर तू काय करतेस?"

"पुन्हा एकदा करते. मग दुसरा नंबर घेते."

"आणि तो कुठला लागतो?"

"ते मशीन देतं. आज बहुतेक तळ्याकडचेच उचलतायत. छान बोलतात हां ते. एक आजी तर म्हणाल्या, व्हरांड्यातच बसलेय, विचार काय ते."

मी फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. खाली रानात वाळत्या गवताचा वास सुटला होता. मला चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक आठवली. बँडच्या ढोलात पाणी भरेपर्यंत पाऊस झाला होता आणि त्या आठवड्यात ओडेट पुढे होती. त्याआधी गावाचं उघड्यावरचं स्ट्रॉबेरीचं जेवण होतं, सगळ्यांची नाकं उन्हानं लाल झालेली. तेव्हा ती मागे होती. तिचे लोक म्हणजे गोठ्यातले लोक. ऊन असलं की ते रानात, पाऊस असला की घरात. लोकांचं मन हलत नव्हतंच बहुतेक. फोनजवळ कोण बसलंय, ते हलत होतं.

पाटीचं विचारायचं विसरून मी गाडी पळवली.

डॅरलनं ऐकलं आणि डोळे मिटले. "म्हणजे आता आभाळ बघून राजकारण करायचं?"

"तू नाहीतरी कशाकडे बघून करतोस?" मी म्हटलं.

ओडेटनं भांडण मिटवायला सरळ फेल्डर बाईंनाच फोन लावला आणि आम्हाला ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. बाई चिडतील असं मला वाटलं होतं. त्या उलट खूश झाल्या. "मला दोन वर्षांपासून हा संशय आहे! आम्ही जिल्ह्यातल्या प्रमाणात वय जुळवून घेतो, बाया-पुरुष जुळवून घेतो, गावंही जुळवून घेतो. पण त्याच गावात गवतवाला कोण आणि व्हरांड्यात बसणारा कोण, ते कसं जुळवायचं? पाऊस पडू दे, मग बघू."

"म्हणजे आत्ताचा आकडा खोटा?" मी विचारलं.

"खोटा कसा? उन्हात घरी असणाऱ्यांचा तो अगदी खरा आकडा आहे."

रविवारी आभाळ भरून आलं. सोमवारी सकाळी रेडिओ स्टेशनच्या पायऱ्यांवर डॅरलनं शेवटचा प्रयत्न केला. ओडेट रेनकोट झटकत म्हणाली, "हे बघ, आकडा पडला म्हणून मी शब्द फिरवणार होते. आता आकडा का पडला हेच कुणाला माहीत नाही. मग शब्द कशासाठी फिरवू?"

आणि आत जाऊन तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, शाळेचंही आणि बंगल्यांचंही. मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होते. काचेपलीकडे ती एवढीशी दिसत होती.

आठवडाभर पाऊस कोसळला. शुक्रवारी ओडेट पाच टक्क्यांनी पुढे! मी फ्रिजसमोर नाचले. डॅरलनंही हात मिळवला. "आभाळबाई," म्हणाला मला. त्यात चेष्टा होती, पण थोडीच.

संध्याकाळी फेल्डर बाईंचा फोन आला. "ग्लेनिस, मला एक प्रश्न छळतोय. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे असं धरू. जे लोक उन्हात फोन उचलायला घरात येत नाहीत, ते उन्हात मत द्यायला गावात येतात का?"

खिडकीबाहेर पाऊस नुकताच थांबला होता.

"मंगळवारी मतदान आहे," बाई म्हणाल्या, "आणि हवामानखातं म्हणतंय, रविवारपासून मंगळवारपर्यंत कडक ऊन, बुधवारी पुन्हा पाऊस."

याचा अर्थ आमच्याकडच्या पोरालाही कळतो. आठवडाभर पावसात उभं राहिलेलं गवत रविवारी कापायचं, सोमवारी परतायचं, मंगळवारी गठ्ठे बांधून छपराखाली न्यायचं. मंगळवारीच, कारण बुधवारी ते कुजणार. आणि मतदान संध्याकाळी सातला बंद. टपालानं आधी मत पाठवता येतं, नाही असं नाही. पण आमची माणसं टाउन हॉलमध्येच जाणार. तिथं शाळेच्या मदतीसाठी डोनट विकायला असतात आणि हिवाळ्यापासून साचलेल्या गप्पा असतात.

म्हणजे पावसातला कौल लोकांच्या मनातला होता, आणि उन्हातला कौल पेटीतला. दोन्ही खरे. मी शोधून काढलेली गंमत फिरून माझ्याच पाठीत बसली.

"शब्द पाळून हरायचं, एवढंच ना," ओडेट म्हणाली. थोडा वेळ ती डॅरलच्या बुटांकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "डॅरल, तू कधी गवताच्या गाडीवर चढलायस?"

टाउन हॉलच्या क्लार्कबाईंनी आम्हाला आधीच बजावलं, मताच्या बदल्यात कुणाला काही द्यायचं नाही, अगदी डोनटसुद्धा नाही. तेव्हा ओडेटनंच नियम केला. ज्याचं गवत पडलंय त्याच्याकडे हात लावायला जायचं, म्हणजे घरची माणसं मताला मोकळी, मग दारात स्टोडार्डची पाटी का असेना. बिल्ले काढून ठेवायचे. मताचा शब्द काढायचा नाही. मंगळवारी सकाळी आम्ही वीसेक जण निघालो. निवृत्त पोस्टमन, चर्चमधल्या तिघी, आणि उसन्या गमबुटातला डॅरल. मी बुशेंच्या रानात उतरले, आणि पहिलं काय दिसलं? रस्त्याकडेला स्टोडार्डची पाटी. नवी कोरी.

"काय पोरी, चुकलीस काय रस्ता?" हॉलिस ट्रॅक्टरवरून ओरडला.

"गवत उचलायला आलेय."

"कुणाच्या बापाचं?"

"तुमचंच. तुमच्या बापाचं असतं तर एव्हाना उचलून झालं असतं."

म्हातारा हसला आणि त्यानं मला हातमोजे फेकले. दिवसभर मी गाडीवर उभी राहून गठ्ठे रचले. कुसळं गळ्यात, घाम डोळ्यात. दुपारी त्याची सून जाऊन मत देऊन आली, मग मुलगा गेला. कुणाला दिलं, मी विचारलं नाही. विचारायचं नाही हा नियम माझ्यासारख्या बाईनं पाळणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. मधेच हॉलिसनं विचारलं, "तुझी डॉक्टरीण आता काय म्हणतेय? शाळेचं मागे घेतलं की नाही?"

"नाही."

"रेडिओवर पण नाही?"

"नाही."

"हं," म्हणाला आणि ट्रॅक्टर सुरू केला.

उन्हं तिरपी झाली तेव्हा त्यानं एकदम ट्रॅक्टर थांबवला. "ए पोरी, तू मत दिलंस?"

मी गठ्ठा हातात धरून उभीच राहिले. सकाळी जायचं होतं, मग दुपारी, मग ही ओळ संपल्यावर. सगळ्या जिल्ह्याला मताला पाठवायला निघालेली बाई स्वतः गाडीवर उभी होती.

"अहो, मग तुम्ही तरी?"

"मी कुठला? मला कोण सोडतंय!" त्यानं टोपी मागे सारली. "आता बघ, तुझं मत डॉक्टरणीला. माझं, समज, स्टोडार्डला. दोन्ही एकमेकांना खाणार. मग दोघंही इथंच राहून ही गाडी भरून टाकली तर काय बिघडलं?"

हिशोब बिनतोड होता. मी उरलेल्या गवताकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "समज म्हणजे?" मी विचारलं.

"समज म्हणजे समज. बस गाडीत."

उरलेलं गवत त्याच्या मुलावर सोडून आम्ही त्याच्या जुन्या ट्रकमधून सुसाट निघालो. दार बंद व्हायच्या जरा आधी आत शिरलो, डोक्यात गवत, अंगाला गोठ्याचा वास. क्लार्कबाई म्हणाल्या, "आज जो तो असाच येतोय." त्या हसल्या नाहीत, पण आम्हा दोघांना पेन पुसून दिलं. हॉलिस त्याच्या पडद्याआड गेला, मी माझ्या. तो माझ्यापेक्षा बराच वेळ आत होता. एवढा वेळ कशाला लागतो माणसाला?

ओडेट निवडून आली, साठ-सत्तर मतांनी. पाच टक्के कुठले, एकही धड नाही. फेल्डर बाई म्हणाल्या, बाकीचे कुठं गेले ते शोधायला हवं. आणि त्यांचा आवाज पुन्हा तसाच खूश होता. ओडेटनं बातमी एका गोठ्यात ऐकली आणि वासरू बाहेर येईपर्यंत कुणाला सांगितली नाही. डॅरलनं गमबूट परत केलेच नाहीत.

बुधवारी सांगितल्याप्रमाणे पाऊस आला. मी हॉलिसचे हातमोजे द्यायला गेले. रस्त्याकडेची पाटी तशीच होती, भिजत. म्हातारा स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता. मी मोजे टेबलावर ठेवते तोच फोन वाजला. पाऊस होता, त्यानं उचलला.

"हो, बोलतोय... हो, मत दिलं... कुणाला?"

पलीकडे तीच पोरगी असावी. मी दाराच्या कडीशी उगाच चाळा करत राहिले, कान मात्र लांब करून. हॉलिसनं माझ्याकडे बघितलं. फोनवर हात ठेवला.

"पोरी, बाहेर जा."

"अहो, मी काही..."

"बाहेर. आणि दार ओढून घे."

मी व्हरांड्यात उभी राहिले. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की आतलं अक्षर ऐकू येईना. ऐकू आलं ते फक्त म्हाताऱ्याचं हसणं.