बरणी पडू दे

मी एक जुना हातमोजा आहे, मित्रांनो. उजव्या हाताचा, आणि तोही एकटा. माझा डावा जोडीदार खेळ सुटल्यावर कुठल्याशा बस स्टँडवर राहिला. आमचा धनी शरत, मैसूरचा गोलकीपर. अकरा वर्षे तो मोठ्या क्लबांकडून खेळला. सरस्वतीपुरमच्या घरी त्याचे वडील दत्तोजीराव मला सामन्याआधी कोमट पाण्याने पुसून सावलीत वाळवत. चेंडू अडला की लोक शरतचे नाव घेत. मला मात्र वाटे, त्या टाळ्या माझ्याच!

पुढे माझा तळवा झिजला आणि पकड गेली. "अप्पा, हा लकी आहे," म्हणत शरतने नवी जोडी घातलीच नाही. शेवटच्या सामन्यात एक अगदी साधा चेंडू माझ्यावरून निसटून जाळ्यात गेला. क्लबने त्याला पुन्हा घेतले नाही. तेव्हापासून शरतला काही खाली पडलेले सोसत नाही. घरात कुणाचा चमचा निसटला, तरी जमिनीच्या आधी याचा हात पोचतो.

मग ऋचा नावाच्या दिग्दर्शिकेने त्याला सिनेमात घेतले. पहिलाच मोठा प्रसंग असा: आई गेल्यावर तिची लोणच्याची बरणी मुलाच्या हातून सुटते, फुटते, आणि इतके दिवस न रडलेला तो रडतो. शरतने मला गुपचूप शर्टाखाली कमरेला खोचले होते.

"ॲक्शन!"

बरणी सुटली, आणि पठ्ठ्याने ती फरशीच्या वीतभर वर झेलली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदाही झेलली, तेव्हा सगळे हसले. पाचव्यांदा कुणीच हसले नाही.

अंगणातले ऊन भिंतीवर चढू लागले. ऋचा जवळ आली. "शरत, हे ऊन जायच्या आत जमलं नाही, तर मला दुसरा नट बघावा लागेल."

शरतच्या घामाने मी ओलाचिंब झालो. खेळ तर गेलाच होता, आता हेही हातचे जाणार! शूटिंग बघायला येऊन कोपऱ्यात बसलेले दत्तोजीराव उठून आले.

"काय रे, अजून तोच गोल धरून बसलास?"

"हात ऐकत नाहीत, अप्पा. एनु माडली, काय करू मी?"

"कमरेचा तो मोजा दे इकडं, दिसतोय मला. त्या दिवशी घरी आलास, जेवलास, झोपलास. रडला नाहीस. आता पडू दे. परवागिल्ला, काही होत नाही."

शरतने मला काढून त्यांच्या हातात ठेवले. खरे सांगतो, मला राग आला. माझ्याशिवाय हा कधी उतरला होता का?

बरणी सुटली. शरतचे हात झेपावले आणि अर्ध्यावर थांबले. खळ्ळकन आवाज झाला, तेल फरशीभर पसरले. तो त्या तेलातच बसला आणि हमसून हमसून रडला. 'कट' म्हणायचे ऋचा विसरूनच गेली. दत्तोजीरावांनी मला इतके आवळले, की माझी शिवण उसवली.

आता मी त्यांच्या खोलीत खुंटीवर असतो. शरत रोज शूटिंगला जातो, मला न घेता.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा. पण झिजलेल्याला वेळीच खुंटीवर टांगा. त्या सामन्यात चूक शरतच्या हातांची नव्हती, माझ्या तळव्याची होती. मला त्याच्याशी बोलता येत नाही. तो कधी भेटला, तर तेवढे त्याला सांगा.