इंजिन दोन बोटं वर

सिप्रियानाने एका भंगारातल्या बसचं डिझेल इंजिन धाकट्या भावाच्या, रेमबेर्तोच्या, जुन्या ट्रकला बसवलं, तेव्हा गावाला हायसं वाटलं. आता कॉफी खिंडीपलीकडे ला पाझ शहरात न्यायला कुणाच्या विनवण्या नकोत. ट्रक उंच केला होता, चाकं मोठी घातली होती. फक्त खड्ड्यात पुढची बाजू दबली की अ‍ॅक्सल इंजिनाखालच्या ऑइल चेंबरवर खाडकन आदळायचा. मग तिने अख्खं इंजिन दोन बोटं वर उचललं. आदळणं थांबलं.

पण रेमबेर्तो कुरकुरायला लागला. "ताई, चढावर स्टिअरिंग मध्येच अडतंय."

"तुझे हात मऊ पडलेत. मी अंगणात फिरवून पाहिलं, छान फिरतंय."

गाड्यांच्या बाबतीत तिला उलट बोलायची गावात कुणाची टाप नव्हती.

गुरुवारी आम्ही कॉफीची चाळीस पोती भरून निघालो. मी आणि गावातली डोन्या फिदेलिया पोत्यांवर, ती दोघं भावंडं पुढे, रेमबेर्तो स्टिअरिंगला. धुकं दाट होतं. खिंड तीन वळणांवर राहिली असताना रस्ता उजवीकडे वळला, पण ट्रक वळला नाही. सरळ दरीकडे निघाला. डोन्या फिदेलियाने माझा दंड असा धरला की नखं रुतली. ब्रेक कचकन लागला. डाव्या चाकाखालचे खडे सुटून खाली गेले आणि त्यांचा आवाज काही आला नाही.

"कुणी हलू नका," सिप्रियाना म्हणाली. मग डोंगराकडच्या बाजूने आम्हाला एकेक करून उतरवलं.

रेमबेर्तोने ट्रक दोन हात मागे घेतला. तेव्हा स्टिअरिंग लोण्यासारखं फिरलं. सिप्रियानाच्या कपाळाला आठी पडली.

"परत सांग. नेमकं कधी अडतं?"

"पुढच्या गिअरमध्ये रेस दिली की! आठवडाभर तेच ओरडतोय."

तिने चाकांपुढे दगड लावले, बॉनेट उघडलं. "ब्रेक सोडू नकोस. पहिला टाक आणि क्लच अर्धाच सोड."

इंजिन गुरगुरलं आणि सगळ्यांदेखत त्याची डावी बाजू वर उठली. वर उठली ती थेट स्टिअरिंगच्या दांड्याला जाऊन भिडली. रेस सोडताच खाली आली. सिप्रियाना वाकून खाली बघत राहिली.

"इंजिनाखालचं रबर फाटलंय. बसचं जुनंच घातलं होतं मी. त्यात इंजिन वर घेतल्यावर दांड्याला जागा उरली नाही." मग रेमबेर्तोकडे वळून, "तू खरं सांगत होतास."

रेमबेर्तोने मान वळवली. "आता काय करायचं ते बोल."

गाडी ओढायची साखळी तिने इंजिनाच्या डाव्या बाजूला गुंडाळली, खाली चासीच्या लोखंडी सांगाड्याला अडकवली आणि पान्याने पीळ देत ताणली. दांडा आणि इंजिनात बोटभर फट झाली. पण साखळीवर तिचा भरवसा नव्हता. बॉनेट पार उतरवून ती डाव्या मडगार्डवर चढून बसली. तिचे पाय दरीवर लोंबत होते.

"अगं, वेड लागलंय का तुला?" डोन्या फिदेलिया किंचाळली.

"फट इथूनच दिसते. तुम्ही मागून चालत या."

ट्रक हलला. "रेस दे... दे... हळू दे... सोड!" साखळी एक कडी सरकली होती. ब्रेक. आम्ही धावत जाऊन चाकांमागे दगड टाकले. तिने पुन्हा पीळ दिला. तिचे हात ग्रीसने काळे आणि मनगटाला रक्त. "दे!" धुक्यात फक्त तिचा आवाज आणि इंजिनाचा ऐकू येत होता. ती तीन वळणं चढायला दीड तास लागला.

खिंडीत रेमबेर्तो उतरला आणि रस्त्याकडेला ओकला. सिप्रियाना त्याच्या पाठीवर हात फिरवत बसली.

कॉफी संध्याकाळी पोचली. पुढच्या आठवड्यात तिने नवी रबरं घातली आणि स्टिअरिंगचा दांडा कापून, मध्ये सांधा घालून इंजिनापासून दूर, चासीच्या कडेने नेला. काम झाल्यावर कुणीतरी विचारलं, आता ठीक आहे ना?

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "पोती भरून रेमबेर्तो एकदा चढ चढून येऊ दे. मग तो सांगेल."